दोन साडू, दोन गुडघे

ताईचं पत्र आलं तेव्हा ग्रंथपालांच्या गुडघ्याचे टाकेही निघाले नव्हते. पुढे टाके निघाले, वॉकर गेला, काठी आली. पत्राला उत्तर मात्र गेलं नाही. पत्र हरवलं होतं अशातला भाग नाही. ते ग्रंथपालांच्या पुस्तकात खूण म्हणून राहत होतं. एक पुस्तक संपलं की ते दुसऱ्यात बिऱ्हाड करी. पुस्तकात पत्रं, बिलं, तिकिटं ठेवू नका, पुस्तकाची शिवण उसवते, असं ज्या माणसाने जन्मभर वाचकांना हळू आवाजात बजावलं, त्यानेच सख्ख्या बहिणीचं पत्र असं पुस्तकांतून फिरवत ठेवावं, याला काय म्हणावं? त्यांची बायको त्याला भिजत घोंगडं म्हणायची. दिवसातून एकदा तरी म्हणायची.

पत्र काही फार मोठं नव्हतं. ताईने लिहिलं होतं, ‘डॉक्टर म्हणतात दोन्ही गुडघे बदला. शेजारीण म्हणते मुळीच बदलू नका, तिच्या जावेचे हाल कुत्रा खाईना. माझा दोघांवरही भरवसा नाही. तुझा बदलून झालाय, तर खरं काय ते तू लिही. तू लिहिशील तसं करीन.’ आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, ‘मशीनवर कापड टाकून ठेवलंय.’

ताईचं शिवणयंत्र पायाने चालवायचं होतं. त्यावर तिने निम्म्या गावाचे कपडे शिवले होते, दोन मुली मार्गी लावल्या होत्या, आणि धाकट्या भावाला शाळेचे गणवेश घातले होते. त्या यंत्रावर कापड टाकून ठेवलंय म्हणजे काय, हे ग्रंथपालांना कुणी समजावून सांगायला नको होतं. ते वाक्य ते दोन-दोनदा वाचत. मग ते पत्र घडी करून पुस्तकात ठेवत आणि पुढचं पान वाचत.

फोन करून टाका, असं सगळे सांगत. पण ताईला फोनवर ऐकू येत नसे. ती आपलं म्हणणं खणखणीत आवाजात सांगायची, ‘बरं, ठेवते,’ म्हणायची आणि ठेवायची. शिवाय फोनवर काय बोलणार? ‘तू लिहिशील तसं करीन,’ हे शेवटचं वाक्यच ग्रंथपालांच्या मानेवर बसलं होतं. त्यांनी सांगितलेलं आजवर कुणी केलं नव्हतं, म्हणून तर ते बिनघोर सांगत आले होते. वाचनालयात कुणी विचारलं, हे पुस्तक चांगलं आहे का, तर ते म्हणायचे, बरं आहे म्हणतात, पण तुम्हाला आवडेलच असं नाही. एवढं सांगूनही त्यांना रात्री वाटायचं की आपण जरा जास्तच बोललो.

उत्तर न लिहिण्याचं खरं कारण मात्र वेगळं होतं. ते त्यांच्या शेजारच्या पलंगावर पाय लांब करून पडलेलं असे.

ग्रंथपालांच्या बायकोला एक मोठी बहीण होती. तिला सगळे थोरली म्हणत आणि ग्रंथपालांच्या बायकोला धाकटी. थोरलीचे यजमान फुटबॉलचे रेफरी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गळ्यातली शिट्टी काही उतरली नव्हती. साडू-साडूंचे गुडघे एकाच सुमारास कामातून गेले. रेफरींचा धावून धावून गेला. ग्रंथपालांचा कशाने गेला हे डॉक्टरांनाही कळेना, कारण तो कुठे वापरल्याची खूणच नव्हती. तेव्हा थोरलीने निकाल दिला की दोघांची ऑपरेशनं एकाच दवाखान्यात, एकाच डॉक्टरांकडे, एकाच आठवड्यात व्हावीत आणि नंतर दोघांनी तिच्याच घरी राहावं. घर तळमजल्यावर, जिना नाही, आणि दोन बहिणींना मिळून दोन आजारी म्हणजे आजारपण एकच, काम निम्मं. हिशोब कागदावर बिनचूक होता. एक आजारी गप्प आणि दुसरा बोलका असला की काम दीडपट होतं, हे कागदावर दिसत नाही.

रेफरींच्या चषकांच्या खोलीत दोन पलंग पडले. मध्ये एक टेबल. टेबलावर बर्फाच्या पिशव्या, गोळ्यांचा डबा, दोन चष्मे आणि पुस्तकं. पहिल्याच दिवशी रेफरींनी जाहीर केलं की हा सामना आहे. काठीशिवाय फाटकापर्यंत आधी कोण जातो ते बघू. ते खिडकीतून शेजाऱ्यांना रोजचा धावता वृत्तांत सांगू लागले. पैज कुणी घेतली नाही, कारण निकाल ठरलेला होता. एकीकडे आयुष्यभर मैदान तुडवलेला गडी, दुसरीकडे शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चक्कर येणारा माणूस. भेटायला येणारे लोक रेफरींची पाठ थोपटत आणि ग्रंथपालांचा हात हातात घेऊन म्हणत, होईल हळूहळू, धीर सोडू नका. एका काकूंनी तर त्यांना सशा-कासवाची आठवण करून दिली. वर हेही सांगितलं की ती नुसती गोष्ट आहे, तिच्यावर फार विसंबू नका.

झालं उलटंच. ग्रंथपालांचा गुडघा शिस्तीच्या वाचकासारखा निघाला. मुदतीत वाकला, मुदतीत सरळ झाला, सूज आली तशी ओसरली. फिजिओबाई रोज सकाळी यायच्या. त्यांच्याकडे दोन दांड्यांचा एक पारदर्शक कोनमापक होता. तो गुडघ्याला लावून त्या वाकणं मोजायच्या. ग्रंथपालांचं माप घेताना त्यांचा चेहरा खुलायचा. चादरीवरून टाच मागे सरकवताना ग्रंथपाल डोळे मिटून घेत, मनात एखादी कविता म्हणत, आणि कविता संपेपर्यंत टाच बरीच मागे आलेली असे.

रेफरींचा गुडघा मात्र भिजवलेल्या पिठासारखा फुगला. हात लावावा तर गरम. वाकवायला घेतला की कडेला यायचा आणि तिथेच अडून बसायचा, हट्टी पोरासारखा. रात्री तर त्याला ठणकून बोलायचंच सुचायचं. सामन्यात दात पडला तरी रुमाल लावून खेळ पूर्ण करणारा हा माणूस आता दुपारच्या गोळीची वेळ विचारू लागला. डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त तपासलं, सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की होतं असं. ऑपरेशन तेच, सांधा तसाच, हातही तेच. तरी कुणाचा लवकर सुटतो, कुणाचा वेळ घेतो, आणि का ते दर वेळी सांगता येत नाही. रेफरींनी डॉक्टरांना दाराबाहेर जाऊ दिलं. मग म्हणाले, असा निकाल मी मैदानात दिला असता तर लोकांनी बाटल्या फेकल्या असत्या.

त्या दिवसापासून खिडकीतला वृत्तांत बंद झाला. शेजाऱ्यांनी विचारलं तर थोरली सांगायची, मध्यंतर आहे.

ग्रंथपालांना या विजयाची भयंकर लाज वाटू लागली. कानामागून आला आणि तिखट झाला, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते भिंतींवर लिहिलेलं दिसे. ज्याच्या घरात राहायचं, ज्याच्या बायकोच्या हातचं खायचं, त्याच्याच डोळ्यांदेखत तुरुतुरु चालायचं म्हणजे काय? धाकटीने कौतुकाने ‘बघा, किती छान चालताय,’ म्हटलं की ते तिला डोळ्यांनी दटावत. आणि एका सकाळी, पलंगावरून उठताना, त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. दुखलं काहीच नव्हतं. शेजारच्या पलंगावरून रेफरी म्हणाले, तुम्हालाही का? ग्रंथपालांनी मान हलवली. रेफरींचा चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा झाल्यासारखा वाटला.

खोटेपणाला एकदा वाट दिली की तो संसार थाटतो. ग्रंथपाल लंगडू लागले. रेफरींच्या अर्धा टप्पा पुढे, फार नाही. सोडलेली काठी त्यांनी परत हातात घेतली. फिजिओबाईंसमोर टाच रेफरींची थांबे तिथेच थांबवू लागले. कवितेचं दुसरं कडवं म्हणायचंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. गोळीची वेळ झाली की दोघं मिळून घड्याळाकडे बघत. घरात एक प्रकारचा एकोपा आला. धाकटीला काही तरी शिजतंय असा वास येत होता, पण नवऱ्याच्या अंगात नाटक करायची धमक असेल यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

या सगळ्यात ताईच्या पत्राचं काय करायचं? ग्रंथपाल कागद घेऊन बसत. ‘ती. ताईस, सा. न.’ इथपर्यंत लेखणी घोड्यासारखी धावे. पुढे काय? ‘निश्चिंत मनाने करून घे,’ असं लिहावं आणि तिच्या वाट्याला रेफरींचा गुडघा यावा? तेही एक नाही, दोन? की ‘नको करूस,’ लिहावं, आणि जो गुडघा तिला मिळाला असता तो आपल्या एका ओळीपायी मिळू नये, यंत्रावरचं कापड तसंच राहावं? शिवाय आपला स्वतःचा गुडघा नेमका कसा आहे हे आता कुणाला, कुठल्या तोंडाने सांगायचं? घरात एक आणि पत्रात एक? ते कागद चुरगाळत. धाकटी म्हणायची, लिहा हो, वन्सं वाट बघत असतील. ते म्हणायचे, लिहितोय. त्यांच्या आयुष्यातली निम्मी वाक्यं ‘लिहितोय’ याच वाक्यापाशी थांबलेली होती.

एक दिवस फिजिओबाईंनी ग्रंथपालांच्या गुडघ्याला कोनमापक लावला, काढला, पुन्हा लावला. या वेळी ग्रंथपालांनी थांबवण्याआधीच टाच आपली आपण थांबली होती. त्यांनी गुपचूप, मनापासून ओढून पाहिली. येईना. दुसरं कडवंसुद्धा म्हणून पाहिलं. फिजिओबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या की हे काही बरं लक्षण नाही, चांगला चाललेला गुडघा मागे आलाय. नवा सांधा या दिवसांत जितका वाकवाल तितकाच पुढे वाकतो, आळसावला तर आतल्या आत जखडतो. मग भूल देऊन डॉक्टरांना वाकवावा लागतो. रेफरींचं तेवढ्यावर येऊ नये म्हणून मी देवाला हात जोडते आहे, आणि तुम्ही हे काय नवीन काढलंत? व्यायाम चुकवताय का?

ग्रंथपालांनी चादर गुडघ्यावर ओढून घेतली. शेजारच्या पलंगावर रेफरींनी वर्तमानपत्र छातीवर पालथं टाकलं होतं.

दुपारी दोघी बहिणी बाजारात गेल्या. घरात शांतता होती. ग्रंथपालांना काळजीने बसवेना, म्हणून त्यांनी काळजीवरचं आपलं जुनं औषध घेतलं, म्हणजे पुस्तक उघडलं. एका खुनाच्या तपासाची गोष्ट होती, आणि आता खुनी सापडणार अशा बेताला आली होती. वाचता वाचता ते उठले. वाचता वाचता खोलीभर फेऱ्या मारू लागले. खिडकी, कपाट, दार, परत खिडकी.

शिट्टी वाजली.

लहान खोलीत ती अशी वाजली की कपाटातले चषक झणझणले आणि ग्रंथपालांच्या हातून पुस्तक पडता पडता राहिलं.

“तिथेच थांबा,” रेफरी म्हणाले. “काठी कुठे आहे?”

ग्रंथपालांनी इकडे तिकडे पाहिलं. काठी त्यांच्या काखेत होती, दुकानातून आणलेल्या पावासारखी.

“आता लंगडू नका. उशीर झालाय,” रेफरी म्हणाले, कारण ग्रंथपालांनी खरोखरच एक पाऊल लंगडून टाकलं होतं. “तुमची नजर पानावर असते तोवर तुम्ही चारचौघांसारखे चालता. पान उलटलं की तुम्हाला आठवण होते. मग दोन पावलं लंगडता. नवं पान लागलं की गुडघा बरा. कालचं प्रकरण मोठं असावं. दारापर्यंत दोनदा जाऊन आलात.”

ग्रंथपालांचे कान लाल झाले. ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी विचारलं की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे.

“पहिल्या ‘आई गं’पासून. साडूभाऊ, माझा जन्म मैदानात लोळणाऱ्यांकडे बघण्यात गेला. ज्याला खरंच लागलेलं असतं तो कुणाकडे बघत नाही. ज्याला लागलेलं नसतं तो आधी रेफरीकडे बघतो. तुम्ही दर वेळी लंगडायच्या आधी माझ्याकडे बघत होतात.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग अगदी बारीक आवाजात विचारलं की मग शिट्टी तेव्हाच का नाही वाजवली.

रेफरींनी गुडघ्यावरची बर्फाची पिशवी नीट केली. ती नीटच होती. “खेळ चालू दिला,” ते म्हणाले. “सुरुवातीला गंमत वाटली. म्हटलं, या माणसाला नाटक करताना कोण बघणार, बघून घेऊ. मग बरंही वाटायला लागलं. रात्री मी कण्हलो की तुम्हीही कण्हता. खोटं का होईना, सोबत होती.” त्यांनी छातीवरच्या वर्तमानपत्राची घडी केली. “पण आज बाईंनी तुमचं माप घेतलं ते मी ऐकलं. माझ्यासाठी कुणी खोटा लंगडता लंगडता खरा लंगडा होणार असेल, तर ते मला चालणार नाही. मी हरलो तर हरलो. हरायची सवय नाही, होईल. पण समोरच्याने मुद्दाम गोल सोडला तर तो सामनाच राहत नाही. अशा गड्याला मी कार्ड दाखवत आलोय.”

आणि त्यांनी खरोखरच टेबलाच्या खणातून पिवळं कार्ड काढून ग्रंथपालांसमोर धरलं. कार्डाचे कोपरे झिजलेले होते. ग्रंथपालांना हसूही आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं, आणि दोन्हींचीही लाज वाटली. मग काय झालं कोण जाणे, इतके दिवस बंद असलेला नळ सुटावा तसे ते बोलू लागले. ताईचं पत्र, यंत्रावरचं कापड, चुरगाळलेले कागद, सगळं त्यांनी सांगितलं. पुस्तकातून पत्र काढून रेफरींच्या हातात दिलं. रेफरींनी ते लांब धरून वाचलं.

“यात कुणाच्या गुडघ्याचं विचारलंय?”

“माझ्या.”

“मग तुमचा लिहा.”

“पण तिचा तुमच्यासारखा निघाला तर?”

“मग माझाही लिहा.”

ग्रंथपालांनी पत्र परत हातात घेतलं. इतक्या दिवसांत हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं असं नाही. पण ते मनातल्या मनात कुठल्या तरी एका गुडघ्याला खरा आणि दुसऱ्याला चुकलेला ठरवू बघत होते.

“तुमच्या वाचनालयात मी एकदाच आलो होतो,” रेफरी म्हणाले. “पंखा होता म्हणून. फुटबॉलच्या नियमांची दोन पुस्तकं होती आणि दोन्हींत ऑफसाइडचं वेगवेगळं दिलेलं. मी तुम्हाला विचारलं, यातलं खरं कुठलं? तुम्ही दोन्ही माझ्या हातात दिलीत आणि कपाटामागे पळालात. तेव्हा मला राग आला होता. घरी जाऊन दोन्ही वाचली. आता बहिणीलाच तेवढं एक पुस्तक देणार होय?”

दोघी बहिणी पिशव्या घेऊन परत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं, की टेबलावरून गोळ्या आणि बर्फ हद्दपार झालेत, मध्ये कागद पसरलेत आणि दोघं साडू भांडताहेत. भांडण असं, की ग्रंथपालांनी आपला अर्धा भाग लिहून झाल्यावर रेफरींचा भागही लिहायला घेतला होता आणि रेफरींच्या प्रत्येक वाक्याला ते थोडी इस्त्री करत होते. ‘जीव जातो’ याचं त्यांनी ‘वेदना होतात’ केलं होतं. रेफरींनी लेखणी काढून घेतली. माझ्या गुडघ्याला तुमची भाषा नको, म्हणाले, आणि स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहायला बसले. पूर्वी सामन्याचा अहवाल लिहायचे तसाच. कुणाची बाजू न घेता, स्वतःचीही.

त्यांनी लिहिलं, ‘ताई, मी तुमच्या भावाचा साडू. माझा गुडघा अजून सुजलेला आहे. वाकत नाही. रात्री जीव जातो. काही रात्री वाटलं, उगाच केलं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, आता वाचतील. मात्र पूर्वी उभं राहिलं की हाडावर हाड घासायचं, ते दुखणं गेलंय. हे नवं दुखणं निराळं आहे आणि रोज थोडं कमी होतंय असं बाई म्हणतात. मला रोज वाटत नाही, एक दिवसाआड वाटतं. परत करीन का, हे आत्ता विचारू नका. सामना संपलेला नाही.’

थोरली त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. ‘काही रात्री वाटलं’ या ओळीशी ती थांबली. एरवी तिने काही तरी टोमणा मारला असता. तिने पिशवीतलं सामान काढायला घेतलं आणि बर्फ वितळत चाललाय, असं काहीसं पुटपुटली.

ग्रंथपालांचा भाग आधीच लिहून झाला होता. त्यात त्यांनी आपला गुडघा पटकन सुटला हे लिहिलं, लाज वाटून तो लपवला हे लिहिलं, आणि लपवताना तो मागे आला हेही. जखमेच्या कडेला हात लावला तर तिथे अजून काही कळत नाही, आणि चालताना आत कधी कधी टक असा आवाज येतो, पण तो दुखत नाही, नुसता हजेरी लावतो, असंही लिहिलं. शेवटी तेच वाक्य आलं, ज्याच्यापाशी ते इतके दिवस अडखळत होते. आता तिने काय करावं? त्यांनी लेखणी वर धरली. सवयीने त्यांच्या मनात आलं, बरं असतं म्हणतात, पण तुला मानवेलच असं नाही. रेफरी त्यांच्याकडे बघत होते. शिट्टी त्यांच्या बोटांत होती.

ग्रंथपालांनी लिहिलं, ‘मला विचारशील तर मी परत करीन. तुझा माझ्यासारखा होईल की यांच्यासारखा, हे मला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दोन्ही वाचून तू ठरव. करायचं ठरवलंस तर तू बरी होईपर्यंत मी तुझ्याकडे येऊन राहीन. तुझा जिना मला आता चढता येतो. करायचं नाही ठरवलंस तरी येईन.’

धाकटीने ते वाचलं. तिचे डोळे बारीक झाले. तुम्ही जाऊन काय करणार, वन्संना वाचून दाखवणार का, असं तिने विचारलं. साधा चहा करताना दूध उतू घालवणारा माणूस आजाऱ्याची सेवा करणार म्हणे. मग तिने लेखणी घेतली आणि कागदाच्या कोपऱ्यात, ताईने लिहिलं होतं तितक्याच जागेत, लिहिलं, ‘मीही येणार. यांच्या भरवशावर राहू नका.’ आणि ग्रंथपालांकडे न बघता म्हणाली, “आणि काय हो, लंगडत होतात ते नाटक होतं? मी तुमचे पाय दाबले रोज.”

ग्रंथपालांनी कपाटामागे जागा आहे का ते पाहिलं. नव्हती.

पत्र टाकायला जायचं ठरलं तेव्हा दोघी म्हणाल्या, आम्ही टाकतो, तुम्ही कशाला. पण रेफरींनी काठी घेतली आणि चपला मागितल्या. फाटकापर्यंतच्या सामन्याचं काय झालं, असं कुणी तरी म्हणालं, तर ते म्हणाले, तो रद्द. एका गड्याने गैरप्रकार केला. आता नवा सामना, पेटीपर्यंत.

पोस्टाची पेटी गल्लीच्या टोकाला, चांभाराच्या दुकानाशेजारी होती. दोघं फाटकाबाहेर पडले. रेफरी काठी टेकत, पाय थोडा बाहेर फेकत, दातांत ओठ धरून चालत होते. ग्रंथपाल काठीशिवाय. सवयीने त्यांचं पाऊल आखडलं, रेफरींच्या पावलाशी जुळलं. रेफरी थांबले.

“माझ्याकडे बघितलंत,” ते म्हणाले.

“नाही.”

“बघितलंत. पुढे व्हा. तुमच्या चालीने जा. मी येतोच आहे, आणि मला कुणी बरोबर नकोय.”

ग्रंथपाल पुढे झाले. सकाळचा आखडलेला गुडघा आधी कुरकुरला, मग टक असा आवाज करून सुटला. हातात पुस्तक नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते कळेना. पण पाय चालत होते. मागून काठीचा आवाज येत होता, दूर, मग आणखी दूर, पण थांबत नव्हता. चांभाराने मान वर करून आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्यामागून येणाऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

पेटीशी पोचल्यावर ग्रंथपालांनी पाकीट फटीत अर्धं घातलं आणि त्यांचा हात थांबला. ‘परत करीन’ हे जरा जास्तच झालं का? ‘बहुतेक’ घालायला हवं होतं का? पाकीट अजून चिकटलं नसेल, घरी नेऊन एक शब्द…

मागून शिट्टी वाजली. जोरात नाही. तिला दम लागलेला होता.

ग्रंथपालांनी बोटं सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला. ते वळून उभे राहिले आणि रेफरी येईपर्यंत थांबले.